उपयोग-परीक्षणाचे सामर्थ्य आणि मर्यादा : गुरुकुंज मोझरीच्या अनुषंगाने एक चिकित्सा

१

एखादी वस्तू, एखादे यंत्र किंवा एखादा मजकूर ज्याच्यासाठी सिद्ध केला, त्याला तो प्रत्यक्षात वापरता येतो की नाही, हे त्याच्याच हाती देऊन पाहणे, या पद्धतीस उपयोग-परीक्षण असे म्हणता येईल. संगणक व भ्रमणध्वनी यांच्या रचनाशास्त्रात या पद्धतीने गेल्या चाळीस वर्षांत मानाचे स्थान मिळविले आहे. भाषेच्या अभ्यासकाचाही तिच्याशी निकटचा संबंध येतो. शासकीय अर्जाची भाषा, नवसाक्षरांची वाचनमाला, पाठ्यपुस्तकातील परिभाषा, लिपीतील सुधारणा या सर्वांचा अखेर कोणीतरी उपयोग करावयाचा असतो. ‘वाचकांना देऊन पाहिले, त्यांना समजले’ हे विधान म्हणूनच प्रबंधातील युक्तिवादाचा शेवटचा व निर्णायक दुवा म्हणून येऊ लागते. तो दुवा किती भार सोसू शकतो, याची चिकित्सा येथे अभिप्रेत आहे.

या चिकित्सेसाठी गुरुकुंज मोझरीकडे पाहणे अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील या गावाने बहुजनांच्या उपयोगासाठी हेतुपुरस्सर रचलेल्या एका ग्रंथाचा दीर्घकालीन वापर पाहिला आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत एका तासात मिळावे अशी अपेक्षा केली जाते, तो प्रश्न येथे सत्तर वर्षांच्या कालपटावर मांडून पाहता येतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे की, उपयोग-परीक्षण ‘कसे’ या प्रश्नाचा उत्तम निवाडा देते. ‘काय’ आणि ‘कशासाठी’ या प्रश्नांचा निवाडा देण्याचा अधिकार त्यास नाही. आणि ‘कसे’ याचा निवाडाही उपयोगाची खरी परिस्थिती परीक्षणात उतरली असेल तेवढ्यापुरताच ग्राह्य असतो.

२

या पद्धतीची प्रभावी मांडणी १९८५ साली जॉन गूल्ड आणि क्लेटन लुइस यांनी केली. रचनेच्या आरंभापासूनच वापरणाऱ्याकडे व त्याच्या कामाकडे लक्ष द्यावे, अंदाजाऐवजी प्रत्यक्ष मोजमाप करावे, आणि दोष आढळताच दुरुस्ती करून पुन्हा परीक्षण करावे, अशी ही तीन तत्त्वे होत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने उपयोगसुलभतेची व्याख्या करताना परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान हे तीन निकष सांगितले. परंतु त्यांच्याआधी एक अटही घातली. विशिष्ट वापरणारे, विशिष्ट उद्दिष्टे आणि उपयोगाचा विशिष्ट संदर्भ यांच्या उल्लेखाशिवाय उपयोगसुलभतेविषयी काही बोलता येत नाही, अशी ती अट आहे. व्यवहारात निकष तेवढे लक्षात राहतात आणि अट विसरली जाते.

पाच माणसांचे परीक्षण पुरते, हे या क्षेत्रातील सर्वश्रुत सूत्र याच विस्मृतीचे उदाहरण होय. याकोब नीलसेन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ साली मांडलेल्या गणिती प्रतिमानात एका माणसाच्या परीक्षणातून सरासरीने सुमारे ३१ टक्के दोष उघड होतात असे आढळले. या हिशेबाने पाच माणसांकडून सुमारे ८५ टक्के दोष हाती लागतात. गणित निर्दोष आहे. पण ते सरासरीचे आहे. जो दोष दहा माणसांतून एकालाच अडवतो, तो पाचांच्या परीक्षणात दिसण्याचा संभव केवळ ४१ टक्के असतो. आणि तो दहावा माणूस पुष्कळदा वृद्ध, अल्पशिक्षित किंवा बोलीभाषक असतो. सरासरीचा आधार घेणारे सूत्र नेमके त्यालाच बाजूस सारते. खुद्द नीलसेन यांचा आग्रह पंधरा माणसे असल्यास पाच-पाचांच्या तीन फेऱ्या घ्याव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर दुरुस्ती करावी असा होता. एका फेरीवर थांबण्याचा आधार त्यात शोधणे युक्त नव्हे.

परीक्षकाचा प्रश्न याहून गंभीर आहे. रॉल्फ मोलिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली एकाच संगणकीय टपालसेवेचे परीक्षण नऊ संघांकडून स्वतंत्रपणे करविले. सर्व संघांनी मिळून ३१० दोष नोंदविले. त्यांपैकी सुमारे ७५ टक्के दोष प्रत्येकी एकाच संघाच्या नजरेस आले होते. वस्तू एक, पद्धत एक, आणि निष्कर्ष मात्र नऊ. हे पाहून पद्धत टाकाऊ ठरविणे उतावीळपणाचे होईल. एकाच बोलीची नोंद घेणाऱ्या दोन अभ्यासकांच्या टिपणांतही असाच फरक पडतो, म्हणून क्षेत्रीय अभ्यास कोणी सोडून देत नाही. यातून एवढेच सिद्ध होते की, परीक्षणात आढळलेला दोष बहुधा खरा असतो. परंतु परीक्षणात दोष न आढळणे हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे.

३

ही झाली पद्धतीची अंतर्गत चिकित्सा. तिच्या सामर्थ्याचे स्वरूप समजण्यासाठी अमरावती जिल्ह्यातीलच दोन लोकशिक्षकांकडे वळणे उपयुक्त ठरेल. एक शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) आणि दुसरे यावलीस जन्मलेले तुकडोजी महाराज (१९०९–१९६८). दोघांचा श्रोता एकच, म्हणजे वऱ्हाडातील खेड्यातला कष्टकरी माणूस. दोघांच्या शिकवणीतही पुष्कळ साम्य आहे. परंतु साधने अगदी भिन्न होती.

गाडगेबाबांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत चाले आणि ते प्रश्नोत्तरांनी पुढे सरके. प्रश्न टाकावा, समुदायाचे उत्तर ऐकावे आणि त्या उत्तरावर पुढचे वाक्य उभारावे, अशी ती रीत होती. उपयोग-परीक्षणाच्या दृष्टीने पाहिल्यास येथे रचना आणि परीक्षण या दोन अवस्था वेगळ्या राहिलेल्याच नाहीत. श्रोता कोठे अडला हे वक्त्याला त्याच क्षणी कळते आणि दुरुस्तीही त्याच क्षणी होते. गूल्ड आणि लुइस यांनी सांगितलेले पुनःपुन्हा परीक्षणाचे तत्त्व येथे एका वाक्यापासून दुसऱ्या वाक्यापर्यंतच्या अंतरात पार पडते.

परंतु या उदाहरणातील अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. श्रोत्यांच्या उत्तरांमुळे गाडगेबाबांचे वाक्य बदले, दृष्टान्त बदले. उपदेश बदलत नसे. देवापुढे पशुबळी देऊ नये, कर्ज काढून सण करू नये, दारू पिऊ नये, मुलांना शाळेत घालावे, या गोष्टी श्रोत्यांच्या पसंतीस टाकलेल्या नव्हत्या. बळीची प्रथा पाळणाऱ्या गावात मत घेतले असते तर निकाल बाबांच्या विरुद्ध गेला असता. श्रोत्याला कसे सांगावे हे श्रोत्याकडून शिकणे आणि काय सांगावे याची जबाबदारी स्वतःकडे ठेवणे, हा विवेक येथे स्पष्ट दिसतो. परीक्षणाची कक्षा इतक्या नेमकेपणाने दाखविणारे दुसरे उदाहरण सहसा आढळणार नाही.

४

तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. त्यांची खंजिरीवरील भजने सर्वपरिचित आहेत. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची ती १९५५ साली प्रसिद्ध झालेली ‘ग्रामगीता’. ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्यांचा हा ग्रंथ ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, महिलोन्नती, सामुदायिक प्रार्थना अशा विषयांची मांडणी करतो. त्याची योजना उघडपणे उपयोगाची आहे. तो वाचून गावाने काही करावयाचे आहे.

आता कल्पनेने या ग्रंथाचे रूढ पद्धतीचे परीक्षण करून पाहावे. वाचनसुलभतेची सूत्रे शब्दांची लांबी आणि वाक्याची लांबी मोजतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच लिहिली जातात; त्यामुळे इंग्रजीसाठी बांधलेले असे सूत्र ‘गावकऱ्यांसाठीसुद्धा’ यासारखा रोजच्या बोलण्यातील शब्दही कठीण ठरवील. ‘ग्रामशुद्धी’सारखा सामासिक शब्द तर हमखास दोषांच्या यादीत जाईल. दुसरी पद्धत विल्सन टेलर यांनी १९५३ साली सुचविलेली, म्हणजे मजकुरातील ठराविक अंतरावरचे शब्द गाळून वाचकाला ते भरावयास लावण्याची. गद्यासाठी ती उपयुक्त आहे. ओवीत मात्र पहिल्या तीन चरणांना यमकाने बांधलेले असते. गाळलेला शब्द चरणान्ती असेल तर अर्थ न कळताही कान तो शब्द पुरवितो. ज्याने पारायणे केली आहेत, तो तर सर्वच जागा बिनचूक भरील. म्हणजे एका परीक्षणात ग्रंथ अवघड ठरेल, दुसऱ्यात कमालीचा सुगम. आणि दोन्ही निकाल मूळ प्रश्नाला स्पर्श करणार नाहीत.

याचे कारण असे की, या दोन्ही परीक्षणांत एक गृहीत दडलेले आहे. वापरणारा एकटा आहे, तो मुकाट्याने वाचतो आहे, आणि वाचन संपले की उपयोग संपतो, हे ते गृहीत होय. मोझरीच्या परंपरेत यांपैकी एकही गोष्ट खरी नाही. ग्रंथ समुदायात, मोठ्याने आणि पुनःपुन्हा वाचला जातो. एक वाचतो, अनेक ऐकतात. अडलेला शब्द शेजारचा समजावतो किंवा पुढच्या वाचनाच्या वेळी तो आपोआप उलगडतो. निरक्षर माणूसही येथे ग्रंथाचा वापरणारा असतो. वैयक्तिक वाचनाच्या परीक्षणात त्याला प्रवेशच मिळाला नसता. ‘ग्रामशुद्धी’ हा शब्द पहिल्या दिवशी अपरिचित असला तरी गाव झाडण्याच्या कार्यक्रमाबरोबर उच्चारला गेल्याने तो अर्थासह बोलण्यात रुजतो. शब्दाचे काठिण्य हा केवळ शब्दाचा गुण नव्हे. शब्द आणि त्याच्या वापराचा अवकाश यांच्यातील तो संबंध आहे.

भाषेच्या निवडीचा प्रश्नही येथे उद्भवतो. वऱ्हाडीत ‘मला’ऐवजी ‘मले’ येते, ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ ऐकू येतो. ‘ग्रामगीता’ या बोलीत नाही. ती ओवीबद्ध ग्रंथपरंपरेच्या मराठीत आहे. एक तासाच्या परीक्षणाने बोलीचाच कौल दिला असता आणि आकलनाच्या वेगापुरता तो बरोबरही ठरला असता. परंतु चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली द्विभाषिकस्तराची जी संकल्पना मांडली, तिच्या साहाय्याने पाहिल्यास भाषेचे उच्च रूप कमी बोलले जात असले तरी ते अधिकाराने ऐकले जाते हे ध्यानात येते. पारायणाच्या ग्रंथाला तो अधिकार लागतो. कीर्तनातील संवादाला जवळीक लागते. गाडगेबाबांची वऱ्हाडी आणि तुकडोजी महाराजांची ग्रंथमराठी या दोन्ही निवडी आपापल्या उपयोगाच्या रीतीला अनुरूप आहेत. त्यांना एकाच मोजपट्टीने मोजले तर एक निवड निश्चितपणे चुकीची ठरेल, आणि तो निष्कर्ष मोजपट्टीच्या दोषाचा असेल.

‘ग्रामगीते’चे खरे परीक्षण कोणते, असे विचारल्यास उत्तर साधे आहे. वाचन संपल्यावर गावातील गल्ली झाडली गेली की नाही, हेच ते होय. मात्र हे परीक्षण घेण्यास वर्षे लागतात, आणि गल्ली झाडली गेल्याचे श्रेय ग्रंथाला किती, प्रार्थनेला किती आणि कार्यकर्त्यांच्या चिकाटीला किती, हे पृथक करता येत नाही. जे अधिक महत्त्वाचे ते मोजण्यास अधिक कठीण, अशी ही स्थिती आहे. सोपे मोजमाप हाताशी आहे म्हणून तेच महत्त्वाचे मानणे, ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी भूल होय.

५

एवढ्यावरून परीक्षणाची उपेक्षा करावी असा अर्थ कोणी काढू नये. ते न केल्याने काय घडते, याचे उदाहरण देवनागरीच्याच इतिहासात आहे. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व इकाराची खूण व्यंजनाच्या उजवीकडे, दीर्घ ईकारासारखीच परंतु आखूड दांडीने लिहावी असे सुचविले. टंकलेखन व मुद्रण यांच्या सोयीचा त्यात विचार होता आणि उच्चारक्रमाशी लेखनक्रम जुळविण्याचा तार्किक लाभही होता. परंतु केवळ दांडीच्या लांबीवर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद टांगल्यामुळे घाईच्या हस्ताक्षरात तो टिकणे अवघड होते. १९५७ साली हा बदल मागे घेण्यात आला. शाळेतील काही मुलांकडून चार ओळी भरभर लिहवून घेऊन त्या दुसऱ्यांकडून वाचवून घेतल्या असत्या, तर हा दोष एका दुपारी उघडा पडला असता.

तथापि याच उदाहरणाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. त्या दुपारी वाचकांची जी अडखळ नोंदली गेली असती, तिच्यात दोन प्रकारच्या अडचणी मिसळलेल्या असत्या. एक, चिन्हांतील साम्याने होणारा घोटाळा. दुसरी, केवळ नवेपणाची. पहिली सरावाने जात नाही, दुसरी जाते. एकाच बैठकीचे परीक्षण या दोहोंत भेद करू शकत नाही. सॉल ग्रीनबर्ग आणि बिल बक्स्टन यांनी २००८ साली घेतलेला आक्षेप याच जातीचा आहे. रचनेच्या कोवळ्या अवस्थेत केलेले परीक्षण नव्या कल्पनेला तिच्या अपरिचितपणासाठीच शिक्षा करू शकते, असा त्यांचा इशारा होता. यावर उपाय परीक्षण टाळणे हा नसून ते काही काळाच्या अंतराने पुन्हा घेणे हा आहे.

६

हा केवळ तत्त्वचर्चेचा विषय नाही, हे वर्तमानातील एका व्यवस्थेवरून दिसून येईल. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठ्याने करावयाची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, छायाचित्रासह भ्रमणध्वनीवरून करावी, अशी ही योजना आहे. नोंद सातबाराच्या गाव नमुना बारामध्ये जाते आणि तिच्यावर शेतकऱ्याचे आर्थिक हित अवलंबून असते. येथे अडलेला शब्द हा परीक्षेतील गुणाचा प्रश्न राहत नाही.

गाव नमुना बारामध्ये ‘मिश्र पीक’ आणि ‘निर्भेळ पीक’ अशी महसुली परिभाषा आहे. महसूल खात्यात वावरणाऱ्यास ‘निर्भेळ’ म्हणजे एकट्याने घेतलेले पीक, हे इतके परिचित असते की त्यात काही अडण्यासारखे आहे हे त्यास सुचणारही नाही. दूध आणि तूप यांच्या संदर्भातच तो शब्द ऐकलेल्या माणसाला मात्र पिकातली भेसळ म्हणजे काय, असा प्रश्न पडेल. वऱ्हाडातला शेतकरी वावरात पराटी लावतो. यादीत त्याला ‘कापूस’ शोधावयाचा असतो. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असल्या तर क्षेत्र कसे सांगावे, हा प्रश्न पुढचाच. तिवसा तालुक्यातील पाच शेतकऱ्यांच्या हाती यंत्र देऊन, काही न सुचविता शेजारी उभे राहिल्यास हे सारे अर्ध्या दिवसात कळते. उपयोग-परीक्षणाचे खरे मोल येथे आहे. ज्याला एखादी गोष्ट ठाऊक आहे, त्याला ती ठाऊक नसणे म्हणजे काय हे कळेनासे होते. परीक्षण त्याला ते पुन्हा दाखवून देते. पाच माणसे शंभरांचे प्रतिनिधी म्हणून बोलावयाची नसतात. रचनाकाराचे अज्ञान दूर करण्यासाठी बोलावयाची असतात.

आणि मर्यादाही येथेच आहे. खेड्यात यंत्र एकाचे, ते चालविणारा पुतण्या, आणि गट क्रमांक सांगणारी घरातली वडीलधारी व्यक्ती, असे पुष्कळदा घडते. पुढे या कामासाठी गावपातळीवर सहायकांची योजना करावी लागली, यातूनही उपयोगाचे सामुदायिक स्वरूप सूचित होते. एकेका शेतकऱ्यास वेगळे बसवून घेतलेल्या परीक्षणात हे नाते दिसणार नाही. शिवाय नोंदीचा भार शेतकऱ्याने उचलावा की शासनाने, हा प्रश्न परीक्षणाच्या आधीच निकालात निघालेला असतो. पडद्यावरील शब्द सुगम केल्याने तो पुन्हा उघडत नाही. उलट सुगमतेच्या प्रशस्तिपत्रामुळे तो कायमचा मिटल्यासारखा होतो. असे होऊ न देणे ही चिकित्सकाची जबाबदारी आहे.

७

या विवेचनातून संशोधकास काही व्यावहारिक दंडक काढता येतात. परीक्षणाच्या अहवालात वापरणारा कोण होता एवढेच सांगून भागत नाही. तो एकटा होता की इतरांसह, मोठ्याने वाचत होता की मनात, पहिल्यांदा वापरत होता की दहाव्यांदा, आणि त्याची बोली कोणती, हेही नोंदविले पाहिजे. अडखळ आढळल्यास ती सरावाने जाणारी आहे की टिकणारी, हे दुसऱ्या फेरीने तपासले पाहिजे. आढळलेल्या दोषांना महत्त्व द्यावे. दोष न आढळल्याचा डांगोरा पिटू नये. आणि परीक्षणात कोणता प्रश्न विचारलाच गेला नाही, हे संशोधकाने स्वतः लिहून ठेवावे.

गाडगेबाबांच्या कीर्तनाने शिकविलेला विवेक आणि मोझरीच्या पारायणाने शिकविलेला धीर या दोहोंची जोड या पद्धतीला मिळाली, तर तिचा उपयोग मोठा आहे. श्रोत्याला विचारल्याशिवाय बोलणारा वक्ता ऐकला जात नाही हे जितके खरे, तितकेच केवळ श्रोत्याला विचारून काय बोलावे हे ठरविणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही, हेही खरे आहे. परीक्षणाने रचनेतील खडे वेचावेत. वाट कोठे जावयाची हे त्याला विचारू नये.